माँटे-कार्लो मास्टर्स: दावेदार ठरवण्याआधी काय पाहावे?

प्रश्न असा आहे: दर एप्रिलमध्ये माँटे-कार्लोची टेनिस स्पर्धा जवळ आली की वरच्या मानांकनाच्या दोन-चार नावांची चर्चा होते, आणि आठवड्याच्या मध्यापर्यंत त्यांतली एक-दोन नावे ड्रॉमधून (सामन्यांच्या जोडणीतून) गळालेली असतात. लाल क्लेवरच्या, म्हणजे मातीसारख्या कोर्टावरच्या, या पहिल्या मोठ्या स्पर्धेचा अंदाज नेमका कशावरून बांधावा, आणि तिच्या निकालावरून पुढच्या फ्रेंच ओपनविषयी काही सांगता येते का?

टेनिसचा प्रशिक्षक म्हणून माझी बरीच वर्षे क्ले आणि हार्ड अशा दोन्ही कोर्टांवर गेली आहेत आणि ही स्पर्धा मी दरवर्षी नियमाने पाहतो. या उत्तरात २०२५ पर्यंतच्या स्पर्धांचा आधार घेतला आहे. थोडक्यात सांगायचे तर क्लेवर सर्वांत चांगला खेळाडू कोण, हा प्रश्न रोमच्या क्ले स्पर्धेसाठी आणि पॅरिसच्या फ्रेंच ओपनसाठी योग्य आहे. माँटे-कार्लोसाठी त्याआधी विचारायला हवे की त्या आठवड्यात क्लेवर खेळायला कोण तयार आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा वेगळी निघतात आणि बहुतेक अंदाज तिथेच फसतात.

आधी जागेविषयी. स्पर्धा मोनॅकोच्या नावाने ओळखली जात असली, तरी माँटे-कार्लो कंट्री क्लब मोनॅकोच्या हद्दीला लागून, फ्रान्सच्या रोकब्रून-कॅप-मार्टिन या गावात आहे. स्पर्धेची सुरुवात १८९७ ची आणि आजच्या क्लबचे उद्घाटन १९२८ चे. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली कोर्टे, सायप्रसची झाडे आणि मागे थेट भूमध्य समुद्र, हे दृश्य दूरचित्रवाणीवर इतके देखणे दिसते की समालोचकांचा निम्मा वेळ नौका आणि राजघराण्यातच जातो. खेळाच्या दृष्टीने मात्र त्या समुद्राचे महत्त्व निराळे आहे. कोर्ट जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, हवेत दमटपणा असतो, एप्रिलचे ऊन अजून कडक झालेले नसते आणि दुपारी वारा कुठल्या दिशेने वळेल याचा भरवसा नसतो. दमट हवेत चेंडूच्या लोकरीसारख्या आवरणाला ओल आणि भुकटी चिकटते, चेंडू जड होतो आणि फटक्याचा वेग गळून पडतो. याच महिन्यात पुढे माद्रिदची स्पर्धा सुरू होते. ते शहर सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे विरळ हवेतून चेंडू सुसाट जातो. म्हणून माद्रिदमध्ये केवळ सर्व्हिसच्या जोरावर पुढे सरकणारा खेळाडू माँटे-कार्लोतही तेच करील असे धरू नये.

स्पर्धेचा दर्जाही ध्यानात घ्यावा. एटीपी म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना. तिच्या मास्टर्स १००० या नऊ स्पर्धांपैकी अव्वल खेळाडूंना उपस्थितीची सक्ती नसलेली ही एकमेव स्पर्धा. २००९ मध्ये एटीपीने वेळापत्रकाची फेरमांडणी केली, तेव्हा हॅम्बुर्गची स्पर्धा खालच्या श्रेणीत गेली. माँटे-कार्लोने दर्जा टिकवला, पण सक्ती गेली. याचा परिणाम असा, की मार्चमध्ये अमेरिकेत थकलेला किंवा किरकोळ दुखापत झालेला खेळाडू इथून सहज माघार घेऊ शकतो. ड्रॉ जाहीर होण्याआधी रंगवलेल्या अंदाजांना म्हणूनच फारसा अर्थ नसतो. दुसरीकडे, जे येतात ते बहुधा मनापासून खेळायला येतात. विजेत्याला इतर मास्टर्स स्पर्धांइतकेच १००० गुण मिळतात आणि ते पाच सामन्यांत मिळू शकतात.

आता कोर्टाविषयी, कारण सगळी गोम तिथेच आहे. आपल्याकडच्या जुन्या जिमखान्यांमधली मातीची कोर्टे बहुतेक ठिकाणी खरोखर मातीची असतात. युरोपातल्या लाल क्लेवर वरचा थर असतो तो भाजलेल्या विटेच्या भुकटीचा, आणि तोही जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीचा. त्याखाली काही सेंटिमीटर चुनखडीचा चुरा, त्याखाली कोळशाचा खंगर, मग खडी आणि दगड. चेंडूची उसळी ठरवण्यात चुनखडीच्या घट्ट थराचा मोठा वाटा असतो. वरची भुकटी पाय घसरू देते आणि चेंडूला ओढून धरते. पाणी मारण्याचे प्रमाण, थर दाबण्याची पद्धत आणि त्या दिवशीची हवा यांवर तेच कोर्ट सकाळी एका वेगाचे तर दुपारी दुसऱ्या वेगाचे असू शकते. या पृष्ठभागाच्या जन्माची एक कथा याच किनाऱ्यावरची सांगतात. सुमारे १८८० मध्ये विल्यम आणि अर्नेस्ट रेनशॉ या इंग्लिश बंधूंनी कान इथे उन्हाने करपणाऱ्या हिरवळीच्या कोर्टांवर जवळच्या व्हालोरिस गावातल्या मातीच्या भांड्यांचा चुरा पसरला, असे म्हणतात.

दूरचित्रवाणीवर सामना पाहताना कोर्टाचा रंग पाहण्याची सवय लावून घ्यावी, असा माझा आग्रह असतो. कोर्ट गडद विटकरी दिसत असेल तर त्यात ओल आहे. चेंडू मंद येणार, कमी उसळणार आणि रॅली लांबणार. रंग फिकट नारिंगी झाला आणि घसरणाऱ्या बुटामागे धुळीचा लोट उठू लागला, तर वरची भुकटी सुटी झाली आहे. चेंडू तुलनेने वेगाने निघतो, टॉपस्पिनचा (पुढच्या दिशेने फिरकी दिलेला) चेंडू खांद्यावर चढतो आणि पायाखालचा भरवसा कमी होतो. सेट संपल्यावर कर्मचारी जाळी ओढून कोर्ट सारखे करतात आणि झाडूने रेषा साफ करतात, तेव्हा खेळाडूकडे पाहावे. रॅकेटने बूट ठोकून तळव्यातली माती झाडणारा, पुढच्या गेमआधी बेसलाइनमागची जागा पायाने चाचपणारा खेळाडू या पृष्ठभागावर रुळला आहे, असे समजायला हरकत नाही.

रुळणे म्हणजे काय, हे जरा खोलात पाहू. हार्ड कोर्टवर खेळाडू धावतो, थांबतो आणि फटका मारतो. क्लेवर त्याला घसरत चेंडूपर्यंत पोचायचे असते आणि घसरण संपता संपता फटका मारायचा असतो. नवखा किंवा सरावातून सुटलेला खेळाडू आधी फटका मारतो आणि मग घसरतो. त्यामुळे कोर्टाच्या मध्यावर परतायला त्याला एक-दोन पावले उशीर होतो आणि पुढचा चेंडू त्याच्या हातून निसटतो. हा दोष पहिल्या दोन-तीन गेममध्येच दिसू लागतो. मांडीच्या आतल्या स्नायूंवर आणि कंबरेवर वेगळाच ताण येतो, चेंडू नेहमीपेक्षा वर येऊन भेटतो, सर्व्हिस परतवताना कितीतरी मागे उभे राहावे लागते आणि जो फटका हार्ड कोर्टवर गुण संपवतो तो इथे परत येतो. ही शेवटची गोष्ट पायांपेक्षा डोक्याला पचायला वेळ लागतो. दोन-तीन आठवडे हार्ड कोर्टवर एका फटक्यात गुण मिळवलेल्या खेळाडूला तोच गुण तीनदा जिंकावा लागला की तो रेषेच्या फारच जवळ मारू लागतो, आणि चुका वाढत जातात.

इथे वेळापत्रकाचा संबंध येतो. मायामीची हार्ड कोर्टवरची स्पर्धा संपल्यानंतर साधारण एका आठवड्यात माँटे-कार्लो सुरू होते. मायामीत शेवटपर्यंत टिकलेला खेळाडू अटलांटिक ओलांडून, वेळेतला फरक पचवून, चार-सहा दिवसांच्या सरावावर क्लेवरचा पहिला सामना खेळतो. मायामीत लवकर हरलेला खेळाडू तोवर दहा-बारा दिवस मातीत लोळलेला असतो. काही जण तर मधल्या आठवड्यात मराकेश किंवा बुखारेस्टसारख्या छोट्या क्ले स्पर्धाही खेळून येतात. २०१६ मध्ये मार्चमधल्या इंडियन वेल्स आणि मायामी या दोन्ही अमेरिकन स्पर्धा जिंकून आलेला नोव्हाक जोकोविच माँटे-कार्लोच्या पहिल्याच सामन्यात इरी व्हेसेलीकडून हरला. २०२२ मध्ये मायामी जिंकून आलेला कार्लोस अल्कराझ पहिल्याच सामन्यात सेबॅस्टियन कोर्डाकडून तीन सेटमध्ये हरला. २०२५ मध्ये मायामीची अंतिम फेरी खेळून आलेल्या जोकोविचला अलेहान्द्रो टॅबिलोने सरळ सेटमध्ये घरी पाठवले. याला अपवाद आहेत. २०१५ मध्ये जोकोविचनेच इंडियन वेल्स, मायामी आणि माँटे-कार्लो अशा मोसमातल्या पहिल्या तिन्ही मास्टर्स स्पर्धा जिंकल्या आणि असे करणारा तो पहिला खेळाडू ठरला. तरी मायामीच्या यशावरून माँटे-कार्लोचा दावेदार ठरवणे मला धोक्याचे वाटते. मायामीत दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हरलेल्या चांगल्या क्ले खेळाडूकडे मी अधिक बारकाईने पाहतो.

ड्रॉची रचना या धोक्यात भर घालते. मुख्य फेरीत ५६ खेळाडू असतात, त्यांतल्या १६ जणांना मानांकन मिळते आणि पहिल्या आठ मानांकितांना पहिल्या फेरीत न खेळता पुढे चाल मिळते. ही सवलत वाटते, पण तिची दुसरी बाजू आहे. पुढे चाल मिळालेला खेळाडू दुसऱ्या फेरीत ज्याच्यासमोर उभा राहतो, त्याने त्याच कोर्टांवर किमान एक सामना जिंकलेला असतो. तो पात्रता फेरीतून आलेला असेल, तर त्याच्या खात्यावर तीन विजय जमा असतात. त्याचे पाय मोकळे झालेले असतात, वाऱ्याची दिशा त्याला कळलेली असते आणि रॅकेटच्या तारा किती सैल ठेवायच्या हेही ठरलेले असते. २०२५ मध्ये टॅबिलो आदल्या फेरीत स्टॅन वाव्रिंकाशी तीन सेटची झुंज देऊन आला होता. त्याच वर्षी अग्रमानांकित अलेक्झांडर झ्वेरेव आपल्या पहिल्या सामन्यात पहिला सेट जिंकूनही मातेओ बेरेटिनीकडून हरला. द्वितीय मानांकित अल्कराझनेही पहिल्या सामन्यात फ्रान्सिस्को सेरुंडोलोला पहिला सेट ३-६ असा दिला होता. पुढचे दोन सेट त्याने ६-०, ६-१ असे घेतले. अर्जेंटिनाचा सेरुंडोलो क्लेवरच वाढलेला, तेव्हा तो पहिला सेट म्हणजे अल्कराझने मातीशी पुन्हा ओळख करून घेण्याची किंमत होती, असे मी मानतो.

म्हणून ड्रॉ हाती आला की मी आधी उपांत्य फेरीच्या जोड्या लावत नाही. पहिल्या आठ मानांकितांच्या शेजारची जोडी पाहतो. तिथे दक्षिण अमेरिकेचा, स्पेनचा किंवा इटलीचा, क्लेवर वाढलेला बिगरमानांकित खेळाडू दिसला, तर मानांकिताच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकतो. तो मानांकित पहिल्या सामन्यातून बाहेर पडला, तर मात्र पुढच्या फेरीसाठी त्याच्यावरचा माझा विश्वास चांगलाच वाढतो.

आकडेवारीविषयी पुष्कळ लोक बिनतोड सर्व्हिसची संख्या पाहतात. या स्पर्धेसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. पाहायचेच असेल तर दुसऱ्या सर्व्हिसवर जिंकलेल्या गुणांचे प्रमाण आणि प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस भेदण्याचे प्रमाण पाहावे, आणि तेही मागच्या मोसमातल्या क्लेवरचे. मंद कोर्टवर दुसरी सर्व्हिस म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेले आमंत्रण असते. ती उंच उडवून बॅकहँडवर चढवता येणारा खेळाडू वाचतो. ती नुसती आत टाकणाऱ्याची सर्व्हिस एका सेटमध्ये तीन-चार वेळा भेदली जाते. दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे पहिला सेट गमावल्यानंतरची कामगिरी. २०२५ च्या स्पर्धेत लोरेंझो मुसेट्टीने उपांत्यपूर्व फेरीत स्टेफानोस त्सित्सिपासविरुद्ध पहिला सेट १-६ असा गमावला, उपांत्य फेरीत अलेक्स डी मिनॉरविरुद्धही १-६ असाच गमावला, आणि दोन्ही सामने जिंकून तो अंतिम फेरीत पोचला. तिथे त्याने अल्कराझकडून पहिला सेट ६-३ असा जिंकला, मग पायाच्या दुखापतीने त्याला घेरले आणि उरलेले दोन सेट अल्कराझने ६-१, ६-० असे घेतले. एका आठवड्यात लागोपाठ तीन सेटचे सामने खेळल्याचा हिशेब शनिवार-रविवारी असा चुकवावा लागतो. उपांत्य आणि अंतिम फेरी लागोपाठच्या दिवशी असल्यामुळे शुक्रवारपर्यंत कोण किती तास कोर्टवर होता, हे अंतिम फेरीचा अंदाज बांधताना प्रत्येकाने मोजावे. २०२४ मध्येही कॅस्पर रूडने उपांत्य फेरीत जोकोविचला तीन सेटमध्ये हरवले आणि दुसऱ्या दिवशी त्सित्सिपासने त्याला ६-१, ६-४ असे सहज नमवले.

त्सित्सिपासविषयी थोडे थांबून लिहायला हवे. २०२१, २०२२ आणि २०२४ अशी तीन विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत, आणि २०२४ चे विजेतेपद त्याने जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांतून बाहेर पडल्यानंतर, बारावे मानांकन असताना मिळवले. हार्ड कोर्टवर त्याच्या एकहाती बॅकहँडवर सगळे तुटून पडतात आणि त्याला तो फटका मारायला उशीर होतो. इथे मंद कोर्ट त्याला तो फटका तयार करायला क्षणभर अधिक देते, शिवाय त्या अवधीत तो चेंडूभोवती फिरून आपला जबरदस्त फोरहँड लावतो. एरवी असे मानतात की क्लेची उंच उसळी एकहाती बॅकहँडला मारक असते, आणि रॉजर फेडररचे राफेल नदालविरुद्धचे हाल पाहिले तर ते खरेही वाटते. फेडरर इथे २००६, २००७ आणि २००८ अशा सलग तीन अंतिम फेऱ्या नदालकडून हरला आणि ही स्पर्धा त्याने कधीच जिंकली नाही. तरीही २०१४ ची अंतिम फेरी वाव्रिंका आणि फेडरर या दोन एकहाती बॅकहँडवाल्यांमध्ये झाली, त्यानंतर त्सित्सिपासची तीन विजेतेपदे आणि मुसेट्टीची अंतिम फेरी आली. माझे मत असे, की दमट, गार हवेत उसळी तितकीशी चढत नाही आणि मिळणारा जादा वेळ या फटक्याच्या कामी येतो; डावखुऱ्या नदालचा भन्नाट टॉपस्पिन हा वेगळाच विषय होता. जादा वेळेचे हे गणित स्लाइसलाही (चेंडूखालून कापत मारलेल्या फटक्यालाही) लागू होते. इंग्लंडच्या डॅन इव्हान्सला क्लेवरचा खेळाडू कुणी म्हणणार नाही. पण २०२१ मध्ये त्याच्या खाली राहणाऱ्या बॅकहँड स्लाइसने आधी ह्युबर्ट हर्काझला आणि मग जोकोविचला ६-४, ७-५ असे हैराण केले आणि तो उपांत्य फेरीपर्यंत गेला. ओलसर दिवशी असा स्लाइस उसळतच नाही, बुटाच्या नाडीपाशी येतो. हवामानाचा अंदाज पाहून मगच नावे ठरवावीत, असे मी सुचवतो ते याचसाठी.

नदालची कारकीर्द ही अंदाज बांधणाऱ्यांची सर्वांत मोठी दिशाभूल आहे. २००५ ते २०१२ अशी सलग आठ आणि नंतर २०१६, २०१७, २०१८ अशी एकूण अकरा विजेतेपदे, सलग ४६ विजय, आणि २०१० च्या अंतिम फेरीत फर्नांडो व्हर्डास्कोवर ६-०, ६-१ अशी मात. या आकड्यांमुळे एक पूर्ण पिढी समजत राहिली की इथे सर्वोत्तम क्ले खेळाडूच जिंकतो. नदाल सरावाला बाहेर पडला तरी जिंकेल, अशी त्या काळात स्थिती होती आणि त्या काळापुरते अंदाज बांधणे सोपे होते. ती मालिका २०१३ च्या अंतिम फेरीत जोकोविचने ६-२, ७-६ अशी मोडली. त्या वर्षापासून २०२५ पर्यंत, नदालला वगळले तर विजेत्यांची यादी अशी आहे: जोकोविच दोनदा, वाव्रिंका, फॅबिओ फॉनिनी, त्सित्सिपास तीनदा, आंद्रे रुब्लेव आणि अल्कराझ. यांतला फॉनिनी २०१९ मध्ये पहिल्याच फेरीत रुब्लेवविरुद्ध ४-६, १-४ असा मागे होता. तिथून तो सामना वाचवून त्याने उपांत्य फेरीत नदालला ६-४, ६-२ असे हरवले आणि अंतिम फेरीत दुसान लायोविचला नमवून विजेतेपद मिळवले. २०२३ मध्ये रुब्लेव अंतिम फेरीत होल्गर रूनविरुद्ध निर्णायक सेटमध्ये १-४ मागे होता आणि ७-५ ने जिंकला. क्लेवर आघाडी घेण्यापेक्षा ती टिकवणे अवघड, याचे यापेक्षा चांगले दाखले मिळणार नाहीत.

घरच्या मैदानाचा मुद्दा नेहमी काढला जातो, कारण जोकोविच बरीच वर्षे मोनॅकोत राहत होता, आणि मेदवेदेव, सिनर यांच्यासह पुष्कळ आघाडीचे खेळाडू तिथे राहतात आणि याच क्लबवर सराव करतात. मी त्याला फार वजन देत नाही. जोकोविच इथे दोनदा जिंकला हे खरे, पण २०२१ पासून २०२५ पर्यंत इव्हान्स, डाव्हिडोविच फोकिना, मुसेट्टी, रूड आणि टॅबिलो अशा पाच वेगवेगळ्या खेळाडूंनी त्याला दरवर्षी एकेकदा इथेच हरवले. खरा स्थानिक खेळाडू म्हणजे मोनॅकोचा व्हॅलेंटिन वाशरो. २०२५ च्या शांघाय मास्टर्समध्ये २०४ वे स्थान असताना पात्रता फेरीतून येऊन त्याने आपला मावसभाऊ आर्थर रिंडरक्नेश याला अंतिम फेरीत हरवले. त्याच्या बाबतीत मात्र कोर्टाची ओळख आणि प्रेक्षकांचा पाठिंबा यांचा विचार करावा लागेल.

पंचांच्या निर्णयांविषयीही एक गोष्ट बदलली आहे. २०२४ च्या उपांत्य फेरीत यानिक सिनर निर्णायक सेटमध्ये ३-१ आघाडीवर असताना आणि त्याच्याकडे आणखी एक सर्व्हिस भेदण्याची संधी असताना, त्सित्सिपासची दुसरी सर्व्हिस बाहेर पडूनही पंचांनी ती आत धरली. सिनर थांबला नाही, गुण गेला आणि पुढे सामनाही ६-४, ३-६, ६-४ असा गेला. २०२५ पासून एटीपीच्या क्ले स्पर्धांतही रेषांचा निवाडा यंत्राकडे सोपवला आहे. चेंडूची खूण बघायला पंच खुर्चीवरून उतरून चालत येतात, तो सगळा सोहळा त्यामुळे संपला. मला त्याची थोडी हळहळ आहे, पण निर्णायक क्षणी सर्व्हिसवर असलेल्या खेळाडूला आता नशिबाचा हात मिळणार नाही, एवढे खरे.

भारतीय प्रेक्षकांसाठी या स्पर्धेत दोन आठवणी आहेत. २०१७ मध्ये रोहन बोपण्णाने उरुग्वेच्या पाब्लो क्वेव्हासच्या साथीत इथे दुहेरीचे विजेतेपद मिळवले. २०२४ मध्ये सुमित नागल पात्रता फेरीतून मुख्य फेरीत आला, तेव्हा १९८२ मधल्या रमेश कृष्णनांनंतर इथे एकेरीत खेळणारा तो पहिला भारतीय होता. पहिल्या फेरीत त्याने इटलीच्या मातेओ अर्नाल्डीला ५-७, ६-२, ६-४ असे हरवले, आणि मास्टर्स १००० दर्जाच्या क्ले स्पर्धेत एकेरीच्या मुख्य फेरीत सामना जिंकणारा पहिला भारतीय ठरला. दुसऱ्या फेरीत रूनकडून तो हरला, पण एक सेट घेऊनच. त्याची उंची कमी, सर्व्हिस बेताची, तरी पायांची चपळाई आणि जर्मनीतल्या क्लेवरचा सराव यांच्या बळावर तो इथे टिकला. बालेवाडीच्या हार्ड कोर्टवर महाराष्ट्र ओपनमध्ये ज्यांनी त्याला पाहिले असेल, त्यांना क्लेवरचा नागल पुष्कळच वेगळा वाटेल. तिकडे सामने सकाळी अकराला सुरू झाले, तर आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. तेव्हा बाजूच्या कोर्टांवरचे पहिल्या दोन दिवसांतले सामने इथल्या प्रेक्षकाला बिनजागरणाचे पाहता येतात, आणि अंदाज सुधारायला तेच सर्वांत उपयोगी असतात.

राहिला फ्रेंच ओपनचा प्रश्न. नदालने माँटे-कार्लो जिंकून त्याच वर्षी पॅरिसही पुष्कळदा जिंकले, म्हणून या दोन स्पर्धांची गाठ लोकांच्या मनात पक्की बसली आहे. नदालला बाजूला ठेवून पाहिले तर ती लगेच सुटते. २०१३ ते २०२४ या काळात नदालखेरीज दुसऱ्या कोणत्याही माँटे-कार्लो विजेत्याने त्याच वर्षी फ्रेंच ओपन जिंकले नाही. २०१४ मध्ये वाव्रिंका तर पॅरिसच्या पहिल्याच फेरीत गारद झाला. जोकोविचची फ्रेंच ओपनची तिन्ही विजेतेपदे, २०१६, २०२१ आणि २०२३ ची, अशा वर्षांत आली ज्या वर्षी तो माँटे-कार्लोत उपांत्यपूर्व फेरीही गाठू शकला नव्हता. २०२४ चा फ्रेंच विजेता अल्कराझ त्या वर्षी दुखापतीमुळे माँटे-कार्लोत खेळलाच नव्हता. दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकण्याचा योग त्याने २०२५ मध्ये आणला. कारण उघड आहे. पॅरिसमध्ये पाच सेटचे सामने असतात, मे-जूनचे कोरडे ऊन असते, आणि तोवर सगळ्यांचे पाय सहा-सात आठवडे मातीत मुरलेले असतात. एप्रिलमध्ये जो फरक तयारीमुळे पडतो, तो तोपर्यंत पुसला गेलेला असतो. म्हणून पॅरिसचा विचार करणाऱ्याने माँटे-कार्लोत कोण हरला यापेक्षा कसा हरला हे टिपून ठेवावे. घसरण चुकल्यामुळे हरला असेल, तर ते दुखणे रोमपर्यंत बरे होते. दुसऱ्या सर्व्हिसवर मार खाऊन हरला असेल, तर ते जूनपर्यंत त्याच्यासोबत राहते.